एसीचं सूत्र आणि एसीचा बोनस: सूत्र एकच, बोनस हवे तितके

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलच्या कॅरॅक्टरचा आर्मर क्लास (एसी, म्हणजे हल्ला लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) २१ दिसला, की शीट मागून घ्यावं आणि बेरीज तपासावी. बहुतेकदा असं काहीतरी हाती लागतं: बार्बेरियन या क्लासची एक लेव्हल, मंक या क्लासची एक लेव्हल, डेक्स्टेरिटी १६, कॉन्स्टिट्यूशन १६, विस्डम १४ (बेरजेत १६ चे +३ आणि १४ चे +२ धरतात). म्हणून १० + ३ + ३ + २ = १८. वर पार्टीतल्या विझार्डने मेज आर्मर (संरक्षणाचा स्पेल) टाकलेलं, ‘त्याचे तीन’ धरून २१.

खरा एसी १६. मेज आर्मरचा स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक, फुकट गेला.

आर्मरचा तक्ता तुम्हाला पाठ आहे असं धरतो. लाइट आर्मरमध्ये पूर्ण डेक्स्टेरिटी, मीडियममध्ये जास्तीत जास्त +२, हेवीमध्ये शून्य. हेवीत डेक्स्टेरिटी मिळत नाही तशी कापलीही जात नाही, त्यामुळे डेक्स्टेरिटी ८ असलेला पॅलाडिनही प्लेटमध्ये १८ वरच उभा असतो. इथे फारसं कुणी अडखळत नाही.

अडखळतात ते पुढे. एसीवर परिणाम करणाऱ्या गोष्टी दोन जातींच्या आहेत. एक जात सांगते की एसी कसा मोजायचा. दुसरी सांगते की मोजून आलेल्या आकड्यात किती मिळवायचे. पहिल्या जातीतली एका वेळी एकच गोष्ट लागू होते. दुसऱ्या जातीतल्या सगळ्या लागू होतात, फक्त प्रत्येकीची अट पाळली गेली पाहिजे आणि एकाच नावाचा परिणाम दोनदा धरायचा नाही.

सूत्रं अशी: काहीच न घालता १० + डेक्स्टेरिटी. अंगात आर्मर असेल तर तक्त्यातला आकडा. बार्बेरियनचा अनआर्मर्ड डिफेन्स (आर्मर न घालता मिळणारा बचाव), १० + डेक्स्टेरिटी + कॉन्स्टिट्यूशन. मंकचा, १० + डेक्स्टेरिटी + विस्डम. मेज आर्मर, १३ + डेक्स्टेरिटी. ड्रॅगनच्या वंशाच्या सॉर्सररचा ड्रॅकॉनिक रेझिलियन्स, २०१४ च्या, म्हणजे या आवृत्तीच्या मूळ नियमांत तोही १३ + डेक्स्टेरिटी. लिझर्डफोकची कातडी, पुन्हा १३ + डेक्स्टेरिटी. टॉर्टलचं कवच, सरळ १७. ही यादी म्हणजे पर्याय आहेत. ज्यातून सर्वात मोठा आकडा येतो तो घ्यायचा आणि बाकीचे विसरायचे.

आता वरचं उदाहरण पुन्हा बघा. बार्बेरियनच्या सूत्राने १० + ३ + ३ = १६. मंकच्या सूत्राने १५. मेज आर्मरने १३ + ३ = १६. तीन वाटा, सर्वात मोठा आकडा १६. मेज आर्मरमधले ‘तीन’ वेगळे काढून दुसऱ्या सूत्राला चिकटवता येत नाहीत, कारण ते तीन कुठे सुटे नाहीतच. तो स्पेल तेरापासून मोजायला सांगतो, एवढंच.

शिवाय २०१४ च्या नियमांप्रमाणे अनआर्मर्ड डिफेन्स एकदा मिळाला की दुसऱ्या क्लासकडून तो पुन्हा मिळत नाही. म्हणजे बार्बेरियनपासून सुरुवात केली असेल तर मंकचं सूत्र पर्याय म्हणूनही हातात येत नाही. २०२४ च्या सुधारित पुस्तकात हे सैल केलं आहे: एसी मोजायच्या अनेक पद्धती असतील तर कुठलीही एक निवडा. निवडा म्हटलंय, मिळवा नाही.

नियम वाचताना ओळखायची खूण सोपी आहे. ‘तुमचा एसी इतका’ किंवा ‘बेस एसी इतका होतो’ असं लिहिलं असेल तर सूत्र. ‘एसीला +२ मिळतो’ असं असेल तर बोनस. वर्णनात खवले आहेत की मंतरलेलं वलय, याने काडीचा फरक पडत नाही. ‘माझी कातडीच जाड आहे, मग वर घातलेल्या आर्मरमध्ये ती मिळवायला नको का?’ हा युक्तिवाद मला मुळीच पटत नाही. हे नियम थरांचा हिशेब ठेवत नाहीत.

हा घोळ येतो कुठून, तर जुन्या आवृत्तीतून. २००० सालची तिसरी आवृत्ती, तिची २००३ ची ३.५ सुधारणा आणि त्याच नियमांवर उभं राहिलेलं पहिलं पाथफाइंडर, या सगळ्यांत एसी म्हणजे खरंच बेरीज होती. आर्मर बोनस, नॅचरल आर्मर बोनस, डिफ्लेक्शन बोनस असे प्रकार होते आणि वेगवेगळ्या प्रकारचे बोनस एकमेकांत मिळत. तिथे मेज आर्मर +४ देत असे आणि मंकचा विस्डम हाही सुटा बोनसच होता, त्यामुळे दोन्ही मिळून चालत. जुने खेळाडू तीच सवय घेऊन येतात आणि टेबलावरच्या नवख्यांना शिकवतात. त्याच काळातली दुसरी शिळी समजूत म्हणजे आर्मर घातलेल्या विझार्डचे स्पेल फसतात. पाचव्या आवृत्तीत आर्मरची प्रोफिशियन्सी (ते वापरायचं प्रशिक्षण) असेल तर विझार्ड प्लेट घालूनही फायरबॉल टाकतो. २०१४ च्या माउंटन ड्वार्फला मीडियम आर्मरची प्रोफिशियन्सी आयतीच मिळते. डेक्स्टेरिटी १४ असताना हाफ प्लेटमध्ये त्याचा एसी १७ आणि मेज आर्मरने १५. तरीही रोज सकाळी मेज आर्मर टाकणारा ड्वार्फ विझार्ड दिसला की वाईट वाटतं.

बोनसच्या बाजूला ढाल +२, शिल्ड ऑफ फेथ स्पेल +२, रिंग ऑफ प्रोटेक्शन +१, क्लोक ऑफ प्रोटेक्शन +१, हाफ कव्हर (अर्धा आडोसा) +२, शिल्ड स्पेल +५. हे सगळं कुठल्याही सूत्रावर चढतं. अंगठी आणि क्लोक दोन्ही एकदम चालतात, नावं वेगळी आहेत.

ढाल मात्र आर्मरच्याच तक्त्यात छापलेली आहे आणि तिने बराच गोंधळ घातला आहे. ‘आर्मर घातलेलं नसताना’ ही अट ढालीने मोडत नाही. मेज आर्मर अधिक ढाल चालतं. बार्बेरियनच्या सूत्रात तर ढाल चालते असं स्पष्ट लिहिलंय. मंकचं सूत्र ढालीलाही बंदी करतं, पण ती त्याची स्वतःची जादा अट आहे.

अटी वाचायचा कंटाळा करणाऱ्यांसाठी दोन सापळे. फायटरचा डिफेन्स फायटिंग स्टाइल +१ देतो, पण अंगात आर्मर असेल तरच, आणि मेज आर्मर म्हणजे अंगातलं आर्मर नव्हे. ब्रेसर्स ऑफ डिफेन्सचं उलट: +२, पण आर्मरही नको आणि ढालही नको. ते मेज आर्मरवर चालतात, मंकच्या सूत्रावरही चालतात. ढाल वापरणाऱ्या बार्बेरियनला त्यांचा एसीसाठी काडीचा उपयोग नाही. दोन हातांनी ग्रेटॅक्स चालवणाऱ्याला आहे.

बार्कस्किन हा स्पेल दोन्ही जातींत बसत नाही. ती किमान मर्यादा आहे. ढाल, कव्हर वगैरे सगळं मिळवून आकडा १६ च्या खाली राहिला तर तो १६ होतो. २०२४ मध्ये १७. आधीच १६ असलेल्यावर जुना बार्कस्किन टाकून काही मिळत नाही, आणि बार्कस्किनच्या १६ वर ढालीचे दोन चढत नाहीत.

सूत्र की बोनस हे एकदा बसलं की वाइल्ड शेपचा (ड्रुइडने प्राण्याचं रूप घेण्याचा) प्रश्नही सुटतो. २०१४ च्या नियमांत ब्राउन बेअरचा एसी ११, त्याची डेक्स्टेरिटी १० आणि कॉन्स्टिट्यूशन १६. बार्बेरियन-ड्रुइड अस्वल झाला तर १० + ० + ३ = १३ किंवा अस्वलाचे ११. अर्थात १३ घ्यायचे. अस्वलाच्या ११ मध्ये तीन मिळवून १४ करायचे नाहीत.

आर्मरमुळे क्लासच्या क्षमता बंद पडतात त्याबद्दल थोडक्यात. रेजचे (बार्बेरियनच्या लढाईतल्या संतापाचे) फायदे फक्त हेवी आर्मरमध्ये जातात, मीडियममध्ये नाही. डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन दोन्ही +२ असलेल्या बार्बेरियनचा उघड्या अंगाने एसी १४. ५० सोन्याच्या नाण्यांच्या स्केल मेलमध्ये १६. स्टेल्थला (लपायच्या रोलला) डिसअॅडव्हांटेज येतो, म्हणजे दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा, पण छाती दाखवायच्या हौसेपायी दोन एसी सोडणं मला परवडत नाही. मंकने आर्मर घातलं तर मार्शल आर्ट्स आणि अनआर्मर्ड मूव्हमेंट जातात, स्टनिंग स्ट्राइक राहतो. आणि प्रोफिशियन्सी नसणं वेगळं, ताकद कमी पडणं वेगळं: स्ट्रेंग्थ १५ नसताना प्लेट घातली तर वेग १० फुटांनी घटतो, बस्स. प्रोफिशियन्सीच नसेल तर स्ट्रेंग्थ-डेक्स्टेरिटीच्या प्रत्येक रोलला डिसअॅडव्हांटेज, आणि स्पेल टाकणं साफ बंद.

शीटवरच्या एसीच्या चौकोनात एकच आकडा लिहू नका. ‘१६ बार्बेरियन, ढालीसह १८’ असं लिहा. ढाल चढवायला किंवा उतरवायला एक पूर्ण अॅक्शन लागते. ज्या टर्नला तुम्ही ढाल सोडून ग्रेटॅक्स दोन्ही हातांत धरता, त्याच टर्नला डीएम (खेळ चालवणारा) एसी विचारणार आहे.