कॉफी टेस्टर एवढा आवाज करून का भुरकतात?

परवा मित्राला कॉफी टेस्टिंगचा, म्हणजे कपिंगचा व्हिडिओ दाखवला. टेस्टर चमचाभर कॉफी फुर्रर्र करून ओढतो, पुढचा कप, परत फुर्रर्र. मित्र म्हणाला, काय नाटकं ही!

नाटक नाहीये हो. आधी हा प्रयोग करा: नाक घट्ट चिमटीत धरून कॉफीचा घोट घ्या. कडू आणि जरा आंबट, बस्स. आता नाक सोडा, धाडकन ‘कॉफी’ येते. जिभेला कळतं गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम-टोमॅटोतली ती रुचकर चव) एवढंच (आणि शाळेतला तो टोकाला गोड, मागे कडूवाला जिभेचा नकाशा विसरा, तो चूक आहे). बाकी कॅरॅमल, जाई, जर्दाळू वगैरे जे काही टेस्टर लिहितात तो सगळा वास, आणि तोही मागच्या दाराने आलेला, घशाच्या मागून वर नाकात. जोरात भुरकलं की कॉफीचा फवारा होतो, बारीक थेंब म्हणजे एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून उडून जाणारे रेणू भराभर सुटतात आणि श्वास सोडताना नाकातल्या रिसेप्टर्सवर, म्हणजे वास टिपणाऱ्या प्रथिनांवर, जाऊन बसतात. या रिसेप्टर्सचे साधारण 400 प्रकार, एक रेणू अनेकांना कमीजास्त चाळवतो आणि मेंदू तो पॅटर्न वाचतो. भाजलेल्या कॉफीच्या वासात मोठा वाटा टू-फरफ्युरिलथायॉल या गंधकवाल्या रेणूचा, तो नुसता, जास्त प्रमाणात हुंगला तर नाक मुरडाल!

बाकी पद्धत कडक असते. 150 मिली पाण्याला 8.25 ग्रॅम पूड, पाणी साधारण 93 अंशांचं, 4 मिनिटांनी वर आलेला पुडीचा थर नाक कपाला जवळजवळ टेकवूनच चमच्याने फोडायचा. मग गरम, कोमट, गार असं परत परत चाखायचं, कारण वाफाळत्या कॉफीत बरेच दोष लपतात. 100 पैकी 80 किंवा जास्त मार्क मिळाले तर ‘स्पेशालिटी’, म्हणजे वरच्या दर्जाची कॉफी. उदमांजराच्या विष्ठेतून आली म्हणून महाग, असल्या गोष्टींना इथे एक मार्कही नाही.

आणि एकाच कॉफीचे 5 कप का? दाणे प्रत्येक कपासाठी वेगळे मोजून वेगळे दळतात, म्हणजे खराब दाणा असला तर तो एकाच कपात सापडतो. रवांडा-बुरुंडीकडच्या कॉफीत कधीकधी हेच होतं, 4 कप मस्त आणि पाचव्याचा थर फोडला की भपकन कच्च्या बटाट्याचा वास.