टीबीची गोळी मधेच का सुटते, त्यामागची जुनी गोष्ट

नागपुरात कुणी मेडिकल कॉलेजच्या टीबी वॉर्डात आहे म्हटलं की घरातली मोठी माणसं अजूनही आवाज खाली करतात. ही भीती औषधं नव्हती तेव्हाची, माणूस झिजत जायचा न त्याचं ताट-गिलास वेगळं व्हायचं. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, पास, आयसोनायझिड ही औषधं आली, रोग बरा व्हायला लागला पण ताट काही परत एकत्र आलं नाही.

खरं वळण मद्रासचं. 1956 ला तिथे एक अभ्यास सुरू झाला, काही पेशंट सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यात, अन काही आपल्याच दाटीच्या घरात, औषध दोघांनाही तेच, आणि वर्षभरानं निकाल जवळपास सारखा. मंग सॅनेटोरियम मागे पडले, पण वर्षभर आठवणीनं औषध घ्यायचा भार पेशंटच्या डोक्यावर आला. पास पोटात गेलं की मळमळायचं, लोक टाळायचे, त्यामुळे औषध घेतलं का ते लघवी तपासून बघावं लागायचं. समोर बसवून औषध द्यायची पद्धतही मद्रासलाच आकाराला आली, तीच पुढे डॉट्स म्हणून 1997 पासून देशात पसरली आणि 2006 पर्यंत सगळीकडे पोचली.

डॉट्सनं खूप जीव वाचवले, यात वादच नाही. पण आठवड्यातून तीनदा सेंटरवर जायचं म्हणजे सकाळी मजुरीच्या ठिय्यावर उभं राहणाऱ्याची रोजी गेली, आणि लग्नाची पोरगी आपल्याच वस्तीतल्या सेंटरवर कशी जाईल, चार लोक बघतात ना. त्यात गोळ्या सुटल्या की कार्डावर शब्द काय, तर डिफॉल्टर, कर्ज बुडवणाऱ्याला म्हणतात तो! जागतिक आरोग्य संघटनेनं हा शब्द 2013 मध्ये काढला, मला तर फार उशीर वाटतो. कारण चूक पेशंटचीच असते असं नाही, 1963 मध्येच बॅनर्जी आणि अँडरसन या संशोधकांनी कर्नाटकातल्या तुमकूर भागात दाखवलं होतं की टीबीचे निम्म्याच्या आसपास पेशंट आपणहून सरकारी दवाखान्यात गेले होते, तिथून त्यांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवलं गेलं.

2017 पासून गोळ्या रोजच्या झाल्या, 2018 पासून खुराकासाठी महिन्याला 500 रुपये, नोव्हेंबर 2024 पासून 1000. पैशाची बाजू थोडी सावरली. मनाची तशीच आहे. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणसाला वाटते झालं बरं, आणि रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधानं लघवी नारंगी होते हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं नसलं तर रक्त जाते म्हणून घाबरून गोळ्या बंद, घरी विचारायचीही लाज.