रायफलीवरील दुर्बीण : बसवणी आणि झीरो करणे

रायफलीवर दुर्बीण (नेमबाजांच्या बोलीत ‘स्कोप’) घट्ट बसवून, तिच्यातील फुली जेथे दिसते तेथेच ठरावीक अंतरावर गोळी लागेल अशी जुळवणी करणे, यास दुर्बीण झीरो करणे म्हणतात. कोल्हापूरच्या नेमबाजीची ओळख मात्र मुख्यतः पीप साइटशी (बारीक छिद्रातून नेम धरण्याच्या, भिंग नसलेल्या साधनाशी) जोडलेली आहे. २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन (पालथे पडून नेम धरण्याच्या) प्रकारात विश्वविजेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून व उभे राहून नेम धरण्याच्या) प्रकारात कांस्यपदक मिळवणारे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ज्या प्रकारांत खेळले, त्यांत दुर्बीण वापरण्यास परवानगी नाही. तरीही ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) पाहून क्लिक (जुळवणीच्या नॉबचा एकेक टप्पा) फिरवण्याची रीत दोन्हींत एकच असल्याने, पीप साइटवर तयार झालेल्या नेमबाजाला दुर्बीण लवकर आत्मसात होते.

बसवणीकडे होणारे दुर्लक्ष हेच पुढील बहुतेक तक्रारींचे मूळ असते. दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगांचे स्क्रू एकाच बाजूने पिळून न घेता आळीपाळीने थोडे थोडे आवळावे लागतात. त्याआधी डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मान ताठ न करता गाल दस्त्यावर टेकवून डोळे उघडावेत. त्या क्षणी कडेला काळी कोर न दिसता पूर्ण गोल चित्र दिसले, तर दुर्बिणीचे अंतर योग्य आहे. ही चाचणी दुर्बिणीच्या सर्वाधिक वर्धनावर (मॅग्निफिकेशनवर) करावी, कारण तेव्हा डोळ्याला मोकळीक सर्वांत कमी असते. उभी रेघ रायफलीच्या संदर्भात सरळ असली पाहिजे. नेम धरताना रायफल एका अंगाला कलली, तर गोळी त्याच अंगाला आणि किंचित खाली जाते. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा धक्का पुढे-मागे असा दुहेरी असल्याने तिच्यासाठी त्याच कामाची दुर्बीण घ्यावी. साधी दुर्बीण त्या धक्क्याने खराब होऊ शकते.

फुली स्वच्छ दिसावी म्हणून डोळ्याकडील कडे फिरवताना पांढऱ्या भिंतीकडे क्षणभरच पाहावे, कारण टक लावल्यास डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि अंदाज चुकतो. त्यानंतर पॅरलॅक्स तपासावा : रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवून, तिला हात न लावता डोके हलवले असता फुली लक्ष्यावर सरकताना दिसली, तर त्या अंतरासाठी जुळवणी झालेली नाही. शंभर यार्डांसाठी कायम जुळवलेली दुर्बीण १० मीटरच्या एअर रायफल रेंजवर म्हणूनच निरुपयोगी ठरते.

प्रत्यक्ष झीरो करताना एका गोळीवरून नॉबला हात लावू नये. पाच गोळ्यांचा ग्रुप मारून त्याचा मध्य पाहावा. बऱ्याच दुर्बिणींची एक क्लिक म्हणजे पाव मिनिटाचा कोन असतो (येथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). १०० मीटरवर त्याने गोळी सुमारे ७.३ मिलिमीटर सरकते, ५० मीटरवर सुमारे ३.६ आणि १० मीटरवर अवघी ०.७ मिलिमीटर. समजा ५० मीटरवर ग्रुपचा मध्य २२ मिलिमीटर डावीकडे आणि ३६ मिलिमीटर खाली आहे, तर सहा क्लिक उजवीकडे व दहा वर द्याव्यात आणि पुन्हा ग्रुप मारावा. दुर्बिणीच्या नॉबवरील बाण गोळी कोणीकडे सरकेल ते सांगतो. जर्मन बनावटीच्या काही पीप साइटवरील अक्षरे मात्र गोळी कोणीकडे चुकली ते सांगतात, त्यामुळे एकीकडून दुसरीकडे वळणाऱ्याने हा फरक आधी पक्का करावा.

ग्रुपच विखुरलेला असेल, तर दोष नॉबमध्ये शोधू नये. सैल स्क्रू, श्वास, ट्रिगरवरचे बोट किंवा गोळ्यांचा लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) आधी पाहावा. पॉइंट टू टू (०.२२ इंच व्यासाच्या) रायफलीत लॉट बदलला की झीरो पुन्हा तपासावा लागतो. स्पर्धेसाठी कोल्हापूरहून पुण्याच्या बालेवाडी रेंजवर रायफल नेली, तर प्रवासातील हादऱ्यांनंतर सरावाच्या वेळेतच एक ग्रुप मारून खात्री करावी आणि वहीत क्लिकच्या नोंदीबरोबर अंतर, लॉट व हवामान लिहून ठेवावे.