घाटातला न्यूट्रल आणि डिझेलचा हिशेब

जड वाहनाचा गिअर आणि डिझेलचा खप यांचे नाते चालकाला कुणी शिकवावे लागत नाही. मालकांचे आणि सरकारचे लक्ष तिकडे गेले ते मात्र डिझेलचा भाव मोकळा सुटल्यावर. जानेवारी २०१३ मध्ये केंद्राने घाऊक ग्राहकांच्या डिझेलवरचे अनुदान काढले आणि राज्यांच्या परिवहन महामंडळांना किरकोळ पंपापेक्षा लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास जास्त मोजावे लागू लागले. आगारात स्वतःच्या टाक्या असताना एसटीच्या गाड्या गावातल्या पंपावर रांगेत उभ्या राहिल्या त्या तेव्हा. ऑक्टोबर २०१४ मध्ये किरकोळ भावही बाजारावर सोडला गेला, जून २०१७ पासून तो रोज बदलू लागला, आणि मार्च २०२२ मध्ये घाऊक भाव असा उसळला की आगारांना पुन्हा बाहेरचे पंप गाठावे लागले.

मोजदाद त्याआधीही होतीच. एसटीत ॲव्हरेज एका लिटरवर न धरता दहा लिटरवर धरतात, म्हणजे केपीटीएल. पन्नासच्या अलीकडे-पलीकडे फिरणारा हा आकडा चालकाच्या नावापुढे लागतो आणि तो घसरला की विचारणाही त्यालाच होते. गाडीचे वय, टायरची हवा, वाटेतले थांबे, घाटाचा रस्ता, उभ्याने दाटलेले प्रवासी यांतले काही त्या रकान्यात उमटत नाही. खासगी ट्रकवर रीत वेगळी, परिणाम तोच. फेरीचा खर्च आधी ठरवून हातात द्यायचा आणि त्यातून वाचेल ते चालकाचे, असा व्यवहार अनेक मालक करतात. घाटाच्या माथ्यावर पोचलेल्या, गिअर काढून (म्हणजे न्यूट्रल करून) डिझेल वाचवू पाहणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चालू असते ते समजायला एवढे पुरे.

आता थोडे मागे. १९५४ मध्ये जर्मन कंपनीशी झालेल्या करारातून जमशेदपूरला डिझेल ट्रक बनू लागले आणि पुढची तीनेक दशके महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर त्याच जातीचे इंजिन धावले. शंभर-सव्वाशे अश्वशक्ती, पाच गिअर, गिअर सहज पडावा म्हणून असणाऱ्या सिंक्रोमेशचा पत्ता नाही. डबल क्लच (एका बदलाला दोनदा क्लच दाबणे) साधला नाही तर गिअर कर्र वाजणार आणि शेजारी बसलेला वस्ताद टपली मारणार. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा बहुतेक गाड्यांत नव्हता, गिअर कानाने बदलायचा. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनबचतीचा सरकारी प्रचार सुरू झाला आणि १९७८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्थाही उभी राहिली. तिचे सल्ले सगळ्यांना पाठ आहेत: क्लचवर पाय ठेवू नका, सिग्नलला इंजिन बंद करा, लवकर वरचा गिअर टाका.

शेवटचा सल्ला रिकाम्या गाडीला लागू आणि भरलेल्या गाडीला अर्धाच लागू. इंजिनाचे फेरे कमी असले की घर्षण कमी, म्हणून टॉपात, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरमध्ये, डिझेल कमी लागते, इतके खरे. पण क्षमतेच्या दीडपट माल भरलेला ट्रक चढावर टॉपात रेटला की इंजिन धपापते, इंजिनाचा डिझेल-पंप पूर्ण डिझेल सोडतो आणि त्यातले जळत नाही ते काळ्या धुरातून बाहेर जाते. तिथे एक गिअर उतरवणाऱ्याचे डिझेल वाचते. हे जुन्या चालकांना माहीत होते, पत्रकात मात्र आले नाही, कारण ते लिहायचे तर आधी माल जास्त भरला जातो हे छापावे लागले असते.

सगळ्यात जास्त गुंता न्यूट्रलचा. बोलताना एकच शब्द वापरला जातो, पण करण्याच्या गोष्टी तीन. गिअर काढून इंजिन आयडलवर, म्हणजे नुसतेच मंद चालू, ठेवणे ही एक. गिअर काढून चावीच फिरवणे, म्हणजे इंजिन बंद करून गाडी सोडून देणे, ही दुसरी. आणि क्लच दाबून गाडी वाहू देणे ही तिसरी. पोलीस तिन्हींना एकच नाव देतात, वर्तमानपत्रेही. डिझेलच्या दृष्टीने आणि जिवाच्या दृष्टीने त्यांत बराच फरक आहे.

पहिली घ्या. गाडी गिअरमध्ये असेल, पाय एक्सिलेटरवरून उचललेला असेल आणि उतार चाकांमार्फत इंजिनाला फिरवत असेल, तर पंप डिझेल देणे बंद करतो. ही सोय इलेक्ट्रॉनिक इंजिनांबरोबर आली असा समज आहे. तो चुकीचा आहे. जुन्या यांत्रिक पंपातला गव्हर्नर, म्हणजे फेरे आवरणारा भाग, तोही आयडलच्या वर फेरे गेले आणि पाय सुटलेला असला की डिझेलचे माप ठरवणारा रॅक शून्यावर ओढतो. म्हणजे घाट गिअरमध्ये उतरताना खप शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरायचे असते, त्यासाठी तासाला दीड-दोन लिटर जातात. खंडाळा ते खोपोली ही उतरण वीस मिनिटांची धरली तर न्यूट्रलवाल्याने अर्धा लिटर जाळले आणि गिअरवाल्याने काहीच नाही.

बचत झाल्याचा भास मग का होतो? कारण तो प्रत्येक वेळी भास नसतो. उतार सौम्य असेल तर गिअरमधल्या गाडीला इंजिन मागे ओढते, वेग पडतो आणि थोड्या वेळाने एक्सिलेटर द्यावाच लागतो. तिथे न्यूट्रल केलेली गाडी आयडलच्या थोड्या डिझेलवर कितीतरी लांब जाते. पठारावरच्या लाटांसारख्या रस्त्यावर चालकांनी अनुभवाने हे ओळखले होते. धोरण लिहिणाऱ्यांनी सौम्य उतार आणि घाट यांत फरक केला नाही आणि ‘न्यूट्रलने डिझेल वाचत नाही’ असे सरसकट सांगून टाकले. ज्याने स्वतः वाचलेले पाहिले आहे तो त्या वाक्यावर कसा विश्वास ठेवणार? मग न्यूट्रलमध्ये ब्रेक तापून पकड सोडतात ही त्याच दमात सांगितलेली गोष्टही त्याने सोडून दिली, आणि ती सोळा आणे खरी होती.

ब्रेकचा हिशेब साधा आहे. १८.५ टनांचा ट्रक सुमारे ५०० मीटर खाली येताना जी ऊर्जा सोडतो, ती अडीच लिटर डिझेल जाळल्याच्या उष्णतेइतकी भरते. गाडी गिअरमध्ये असेल आणि एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकडून वेग आवरणारा ब्रेक) चालू असेल, तर तिचा मोठा वाटा इंजिन पचवते. न्यूट्रलमध्ये एक्झॉस्ट ब्रेकचा उपयोग शून्य, हवा आणि चाकांचे घर्षण घेईल तेवढे सोडून बाकी सगळे चाकातल्या ब्रेकच्या ड्रम आणि त्यावर घासणाऱ्या लायनरवर. लायनर तापला की पकड जाते. शिवाय ब्रेक हवेच्या दाबावर चालतात; आयडलवर ती हवा भरणारा कॉम्प्रेसरही मंद फिरतो आणि ब्रेक पुन्हा पुन्हा दाबल्याने टाकीतली हवा उतरत जाते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे चावी फिरवल्यावर, कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. ‘ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा’ हा जुना नियम या सगळ्याचा सारांश होता, पण तो ब्रेकसाठी होता, डिझेलसाठी नव्हता.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री पुण्यात नवले पुलाजवळ एक ट्रक कितीतरी गाड्यांवर आदळत गेला. आधी ब्रेक निकामी झाल्याची चर्चा होती. तपासात, उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद केल्याचे पुढे आले. त्यानंतर नवीन कात्रज बोगद्यापासूनच्या उतरणीवर फलक लागले, वेगमर्यादा खाली आली, कारवाया झाल्या. चौकशीचा सगळा प्रकाश चालकाच्या हातावर पडला. फेरीचा खर्च कुणी, कसा ठरवला होता, याची बातमी कुठे झाली नाही. उतार असा सरळ आणि लांब का, हा प्रश्न स्थानिक लोक आजही विचारतात.

गंमत अशी की याच्या कितीतरी आधीपासून युरोपातले ट्रक आपणहून न्यूट्रल होत होते. तिथे २००० च्या आसपास क्लच पेडल नसलेले, संगणकाने चालणारे गिअरबॉक्स लांब पल्ल्याच्या ट्रकवर आले. त्यांत सौम्य उतार दिसला की गिअर आपोआप सुटतो, वेग ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला किंवा ब्रेकला पाय लागला की परत पडतो. २००९ ते २०१२ च्या दरम्यान त्याला उपग्रहाचा नकाशा जोडला गेला आणि चढ-उतार यायच्या आधीच गिअर ठरू लागला. कंपन्या तीन टक्क्यांपर्यंत बचतीचा दावा करतात. महाराष्ट्रातला चालक हाताने करत होता तेच हे तंत्र, फक्त कुठे थांबायचे ते यंत्राला शिकवलेले आहे.

आपल्याकडे हे गिअरबॉक्स उशिरा आले, २०१७ पासून देशी बसगाड्यांवर ठळकपणे, आणि महाग असल्याने ट्रकवर कमीच. त्याऐवजी डॅशबोर्डवर गिअर बदलण्याची खूण आणि लाइट, मिडियम, हेवी असा लोडचा खटका आला. एप्रिल २०१७ च्या बीएस-४ आणि एप्रिल २०२० च्या बीएस-६ ने डिझेल किती सोडायचे हे चालकाच्या पायाकडून काढून संगणकाकडे दिले. मधल्या काळात, जुलै २०१८ मध्ये, दोन ॲक्सलच्या ट्रकची मर्यादा १६.२ वरून १८.५ टन आणि तीन ॲक्सलची २५ वरून २८.५ टन झाली. टनामागे डिझेल कमी लागेल हा हिशेब योग्य होता, पण हा भार घाटात त्याच ब्रेकवर आणि त्याच गिअरवर उतरवायचा होता, कारण रस्त्यावर आधीच असलेल्या गाड्या बदललेल्या नव्हत्या.

खपाचे अधिकृत प्रमाण ठरवण्याच्या कामात तर गिअर जवळपास गळालाच. ऑगस्ट २०१७ मध्ये १२ टनांवरच्या वाहनांसाठी पहिले निकष जाहीर झाले. चाचणी कशी, तर ट्रक सपाट मार्गावर ताशी ४० आणि ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाने चालवून खप मोजायचा. स्थिर वेगात गिअर बदलावाच लागत नाही. जपानने २००६ मध्ये जड वाहनांसाठी जगातले पहिले निकष केले तेव्हा इंजिनाचा नकाशा (किती फेऱ्यांना, किती जोराला किती डिझेल लागते त्याचा तक्ता) आणि गिअर बदलण्याचा क्रम संगणकात घालून खप काढायची पद्धत घेतली होती, आणि २०१९ पासून युरोपातही संगणकी पद्धत आहे. आपल्याकडे सोपी, स्वस्त आणि चाचणीच्या मार्गावर लगेच करता येणारी चाचणी निवडली गेली. त्यामुळे चांगला गिअरबॉक्स बसवणाऱ्या कंपनीला कागदावर त्याचे श्रेय मिळत नाही. युरोपाच्या धर्तीवर भारतासाठी संगणकी पद्धत आणण्याची तयारी चालू आहे. तोवर मालकाच्या मोबाइलवर येणाऱ्या ट्रॅकिंगच्या अहवालात चालकाने किती मिनिटे न्यूट्रल मारला ते लाल अक्षरांत दिसते. तो न्यूट्रल घाटात होता की सपाट पठारावर, हे मात्र बऱ्याच अहवालांत नसते.