साखरेची बाटली आणि तंबूतली स्ट्रॉबेरी

सांगलीत विश्रामबागला आमच्या पुतण्यानं माडीवरच्या खोलीत काळा तंबू उभा केलाय. आतून चंदेरी अस्तर, वर एलईडी, खाली भिलारहून आणलेली स्ट्रॉबेरीची रोपं. परवा बघतो तर कोपऱ्यात कोल्ड्रिंकची बाटली. पाणी, 200 ग्रॅम साखर, चमचाभर यीस्ट आणि झाकणातून निघालेली नळी. "काका, यीस्ट साखर आंबवतं, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड झाडांना देतोय!"

कल्पना खुळी नाही. झाडाचं कोरडं वजन मातीतून कमी आणि हवेतून जास्त येतं. सतराव्या शतकातल्या व्हॅन हेल्माँट या शास्त्रज्ञानं विलोचं रोप पाच वर्षं नुसतं पाणी घालून वाढवलं. झाडाचं वजन 74 किलोच्या आसपास वाढलं, माती घटली जेमतेम 50-60 ग्रॅम. 1648 साली छापून आलेला त्याचा निष्कर्ष असा, की पाण्याचंच लाकूड झालं. गंमत म्हणजे 'गॅस' हा शब्द त्याचाच. कोळसा जळताना आणि द्राक्षरस आंबताना निघणारा वायू एकच, हेही त्यानं ओळखलं होतं. तो म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तोच झाडात शिरतो, एवढंच हुकलं.

हवेच्या दहा लाख भागांत हा वायू साधारण 425 भाग असतो. बंद तंबूत लख्ख उजेड असला की रोपं तो भराभर ओढतात आणि वाढ मंदावते. हरितगृहवाले तो 800 ते 1000 भागांवर ठेवतात. स्ट्रॉबेरीला, द्राक्षाला याचा फायदा होतो. उसाला फारसा नाही. पानातलं रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) कार्बन डायऑक्साइडऐवजी अधूनमधून ऑक्सिजनच पकडून बसतं. उसानं त्याच्याभोवती या वायूची दाटी करून ती चूक आधीच टाळली आहे. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात हा मार्ग उलगडला, तोही उसाच्याच पानांत. पुतण्याच्या बाटलीतली साखरही उसाचीच. शिवारात पकडलेला कार्बन यीस्ट मोकळा करतंय.

आता हिशेब. तंबू 1.2 बाय 1.2 मीटर, उंची 2 मीटर, म्हणजे 2.88 घनमीटर. 425 वरून 1000 वर न्यायला फक्त तीनेक ग्रॅम वायू पुरतो. 200 ग्रॅम साखरेतून आठवडाभरात 100 ग्रॅम निघेल. भरपूर वाटतं ना? पण वर एक्झॉस्ट फॅन आहे, तासाला 200 घनमीटर ओढणारा. तंबूतली हवा मिनिटाच्या आत बदलते. बाटली तासाला 0.6 ग्रॅम देते, म्हणजे भर पडते दोन भागांचीही नाही.

फॅन बंद करावा, तर दिव्यांच्या उष्णतेनं रोपं माना टाकतात. शिवाय ताजी हवा येत असेल तर 425 भागांचा साठा सतत भरत राहतोच. दिवाच मंद असेल, तर जास्तीचा वायू देऊन फारसं काही होत नाही.

त्यापेक्षा सोपं म्हणजे अभ्यासाचं टेबल त्याच खोलीत हलवणं. माणूस दिवसाला किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो, तासाला 40 ग्रॅम. सत्तर बाटल्यांच्या जवळपास! खोलीची हवाच तर फॅन तंबूत ओढतो.

मग त्यानं सिलिंडरचा विषय काढला. तिथं मी ठाम नकार दिला. हा वायू हवेच्या दीडपट जड. गळला तर जमिनीलगत साचतो, आणि वास नसल्यानं कळत नाही. कामाच्या जागी आठ तासांसाठी 5000 भाग ही मर्यादा मानतात. पोरगं त्या खोलीत गादी टाकून झोपतं.

टेबल हललंय. बाटलीही आहेच अजून. वहिनींची तक्रार एवढीच, की माडीवर ताडीसारखा वास येतो.