‘केळी’चा ठोकळा का होतो?

आडतीच्या दुकानातला माळ्यावरचा ४८६, म्हणजे डॉसच्या जमान्यातला जुना संगणक, खाली काढला, की लगेच पिन लावायची घाई करू नका. जळगाव-चोपड्याकडे अशा डब्यात धूळ तर असतेच, पण दुकान जिनिंगशेजारी असेल तर एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पंख्याला कापसाचे तंतू गुंडाळलेले निघतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

मग मदरबोर्डच्या कडेचा निळा, पिंपासारखा ३.६ व्होल्टचा सेल शोधा. त्यातून पाझरणारा क्षार तांब्याच्या रेषा खातो. सेल कापून काढा, हिरवट डागांवर पांढरं व्हिनेगर लावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉवरचे पी८ आणि पी९ कनेक्टर बसवताना काळ्या तारा मधोमध, एकमेकींना लागून यायला हव्यात. उलटे बसले तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

हार्ड डिस्क फिरली तर आधी डेटा उतरवून घ्या. मेली असेल आणि बॅकअपच्या फ्लॉप्या असतील, तर ४० पिनांच्या अॅडॉप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड चालतं. जुन्या बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) मजल डिस्कच्या मापात १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टरपर्यंतच, म्हणजे ५०४ एमबी. ५१२ एमबीचं कार्ड पुरे. सेल नसल्याने हे आकडे दर वेळी हाताने भरावे लागतात, ते कॅबिनेटवर चिकटवून ठेवा.

क्लिपरमधला (डॉसवर हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायची भाषा) हिशेब ‘डॉस एरर ४’ म्हणून थांबला तर फायली खराब नाहीत, एका वेळी जास्त उघडल्या आहेत. डॉस सांगितल्याशिवाय ८च देतो. डॉसच्या सेटिंगच्या फायलीत, कॉन्फिग.सिसमध्ये, फाइल्स ६० करा, क्लिपरच्या व्हेरिएबललाही तेवढीच सांगा.

आता खरी गंमत. प्रोग्रॅम सुरू होतो, रकमा बरोबर दिसतात आणि मालाच्या नावाच्या जागी ‘│ß╥▄’ येतं. हे ‘केळी’च आहे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड (पडद्यावर भारतीय लिप्या दाखवणारं) लावलेल्या मशीनवर मराठी इस्की संकेतात साठायची, म्हणजे भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या पद्धतीत. त्यात ‘क’ म्हणजे १७९. कार्ड नसलं की पीसी तोच १७९ स्वतःच्या चिन्हांच्या तक्त्यात बघतो, तिथे उभी रेघ आहे. मात्रेचा होतो ß, ‘ळ’चं दोन पायांचं टेबल, वेलांटीचा अर्धा ठोकळा. घाबरून डेटा ‘दुरुस्त’ करायला मात्र जाऊ नका, तिथेच तो खरा बिघडतो.

कार्ड मिळालं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर कुठल्या आकड्याचं कुठलं अक्षर याचा तक्ता करून १७९चा युनिकोड (आजचा सर्व लिप्यांचा संकेत) ‘क’ करायचा. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्या क्रमावरच बेतलेला आहे, त्यामुळे काम किचकट नाही. पण तक्ता थेट डीबीएफवर, म्हणजे क्लिपरच्या ठरावीक रुंदीच्या रकान्यांच्या डेटा फायलीवर, चालवू नका. इस्कीत ‘केळी’ ४ बाइटची, यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) १२ची. २० बाइटच्या रकान्यात शेतकऱ्याचं नाव अर्ध्यात तुटतं आणि पुढच्या रकमा सरकतात. आधी सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) काढा, मग फक्त नावांचे रकाने बदला.