न्यूट्रॉनवर हात कसा बसला

पदार्थात अणू कसे रचलेले आहेत हे क्ष-किरणांनी कळते, तसेच न्यूट्रॉनच्या शलाकेनेही. क्ष-किरणांचे यंत्र विद्यापीठाच्या विभागात असते. पीएचडीचा विद्यार्थी त्यावर चुकतमाकत शिकतो. न्यूट्रॉनची शलाका मात्र अणुभट्टीपाशी किंवा कणांना प्रचंड वेग देणाऱ्या मोठ्या त्वरकापाशीच मिळते, आणि तीही क्षीण. एका नमुन्याच्या नोंदी घ्यायला कित्येक तास, कधी दिवस लागतात. स्फटिकाचा कोन जरा चुकीचा लागला की तेवढा वेळ वाया. म्हणून हे शास्त्र पुस्तकातून येत नाही, यंत्रापाशी उभे राहूनच येते.

आपल्याकडे ही शिकवणी ट्रॉम्बेत सुरू झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. त्याच सुमारास भौतिकशास्त्रज्ञ पी. के. अय्यंगार कॅनडात चॉक रिव्हरला बर्ट्रम ब्रॉकहाउस यांच्याकडे काम करायला गेले. याच ब्रॉकहाउसना पुढे, १९९४ मध्ये, क्लिफर्ड शल यांच्यासोबत न्यूट्रॉनच्या प्रयोगांसाठी नोबेल मिळाले. परतल्यावर अय्यंगारांच्या गटाने न्यूट्रॉनची ऊर्जा मोजणारे स्पेक्ट्रोमीटर विकत न आणता इथेच बांधले. मला यातच सगळे मर्म दिसते: यंत्र जोडता जोडताच तरुण भौतिकशास्त्रज्ञ घडले. १९६० मध्ये ‘सायरस’ आली, शलाका प्रखर झाली. आर. चिदंबरम यांच्या गटाने अमिनो आम्लांतील हायड्रोजनच्या जागा तिथेच नेमक्या शोधल्या. क्ष-किरणांना हायड्रोजन जेमतेम दिसतो, न्यूट्रॉनला मात्र तो स्पष्ट दिसतो.

आणि हे शिक्षण ट्रॉम्बेपुरते राहिले नाही. १९६०च्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने भारताने फिलिपिन्समधल्या अणुभट्टीवर न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटर बसवला, तोही आशियातल्या संशोधकांना प्रत्यक्ष कामातून शिकवण्यासाठी. स्वतः नुकतेच शिकलेल्यांनी शेजाऱ्यांना शिकवायला घेतले, याचा आजही अभिमान वाटतो.

विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला मात्र बराच काळ ही दारे सहज उघडत नव्हती, कारण अणुभट्टी सुरक्षेच्या कुंपणाआड. १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिच्याभोवती न्यूट्रॉन संशोधनाची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त केंद्राने नंतर विद्यापीठांना तिथवर पोहोचवले. त्याच्या मुंबई शाखेचा अणूंची रचना तपासणारा स्वतःचा डिफ्रॅक्टोमीटरही ‘ध्रुव’वर आहे.

‘सायरस’ २०१०च्या अखेरीस कायमची बंद झाली. नव्या रूपातली ‘अप्सरा’ २०१८ मध्ये आली, पण ती २ मेगावॉटची. त्यामुळे शलाकांच्या प्रयोगांचा मुख्य भार ‘ध्रुव’वरच आहे. तिथे वेळ मिळालेल्या विद्यार्थ्याने नुसता नमुना देऊन आकडे घेऊन जाऊ नये, स्फटिक जुळवताना शेजारी उभे राहावे, असे मला मनापासून वाटते.